वाऱ्याने आणलेले पाहुणे

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात बोरी नावाचे गाव आहे. ह्या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. तेथील पुष्कळ मुलांनी समुद्र केवळ चित्रात आणि नकाशात पाहिलेला असतो. तरीही दरवर्षी मृगाच्या सुमारास समुद्राचा एक दूत बोरीच्या शिवारात येतो. तो म्हणजे नैऋत्येकडून वाहणारा मोसमी वारा. शेतकरी कुळवणी आटोपून आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. अशा वेळी अंगणातील लिंब सळसळू लागतो, वाटेवरची धूळ उडते आणि पश्चिमेकडून ढगांची रांग वर येते. हाच वारा थोड्या वेळापूर्वी कोकणच्या खडकांवर लाटा फोडीत होता. आणि त्याही आधी, भर समुद्रात, तो काही पक्ष्यांच्या पंखांखालून वाहत होता. ते पक्षी कोणते, वारा सुटला म्हणजेच ते किनाऱ्यावरून का दिसतात आणि ते दिसले असता आपण काय करावे, ह्याची माहिती आपण ह्या पाठात घेऊ.

समुद्रपक्षी म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या अंगाचा आणि राखी पाठीचा कुरव उभा राहतो. हिवाळ्यात मुंबईच्या आणि कोकणच्या खाड्यांवर कुरवांचे थवेच्या थवे दिसतात. परंतु कुरव हा आपल्याकडील हिवाळी पाहुणा आहे. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेट येथील सरोवरांच्या काठी घरटी करतो व उन्हाळा लागताच तिकडे निघून जातो. त्यामुळे ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावर उभे राहून कुरवाची वाट पाहणाऱ्याची बहुधा निराशाच होते. वारा ज्यांना घेऊन येतो ते पक्षी निराळे आहेत. त्यांचे सारे आयुष्य खुल्या समुद्रावर जाते. अंडी घालण्यापुरता काय तो त्यांचा जमिनीशी संबंध! एरवी खाणे, पिणे, विसावणे हे सर्व पाण्यावर किंवा हवेतच चालते. समुद्राचे खारे पाणी पिऊनही त्यांना बाधत नाही. त्यांच्या डोळ्यांजवळ असलेल्या खास ग्रंथी रक्तातील जादा मीठ वेगळे काढतात आणि ते खारट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते.

असे पक्षी एरवी किनाऱ्यापासून इतके दूर असतात की दुर्बीण लावूनही दृष्टीस पडत नाहीत. परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो. तो दोन-तीन दिवस एकसारखा जोराने वाहिला, तर भर समुद्रातील पक्षी हळूहळू किनाऱ्याच्या बाजूला लोटले जातात. म्हणजे ज्या दिवशी मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि शहाणी माणसे घरात बसतात, नेमका तोच दिवस पक्षी पाहणाऱ्याच्या दृष्टीने मोलाचा ठरतो.

हे पक्षी पाहण्यासाठी जागा उंच व समुद्रात पुढे आलेली असावी. रत्नागिरीचा रत्नदुर्ग हे अशा जागेचे उत्तम उदाहरण होय. ह्या किल्ल्याला तिन्ही बाजूंनी समुद्राचा वेढा आहे आणि तेथे दीपगृहही आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. म्हणून सकाळी सूर्य आपल्या पाठीशी राहतो आणि ढगांतून ऊन पडलेच, तर पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. सायंकाळी मात्र सूर्य डोळ्यांवर येतो व प्रत्येक पक्षी काळाच भासतो. भिंतीच्या किंवा खडकाच्या आडोशाला बसावे, म्हणजे वाऱ्याने दुर्बीण हलत नाही. येथे एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. लाटा फुटतात त्या खडकांवर कधीही उतरू नये, आणि वडीलधारे माणूस बरोबर असल्याखेरीज अशा ठिकाणी जाऊ नये. लाटेने एकदा ओढून नेलेल्या माणसाला कोणतीही हुशारी उपयोगी पडत नाही.

वाऱ्याचा जोर मोजावयास यंत्रच हवे असे नाही. ब्रिटिश आरमारातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट ह्यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराची एक श्रेणी तयार केली. तिच्यात शून्यापासून बारापर्यंत अंक आहेत. धूळ व कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या आणि समुद्रावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला, म्हणजे वारा चौथ्या श्रेणीचा, ताशी वीस ते अठ्ठावीस किलोमीटर वेगाचा समजावा. मोठ्या फांद्या हलू लागल्या व छत्री धरणे अवघड झाले की तो सहाव्या श्रेणीचा झाला. झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या आणि वाऱ्याच्या तोंडावर चालणे कठीण झाले की आठवी श्रेणी आली असे ओळखावे. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी बासष्ट किलोमीटरांच्या वर गेलेला असतो. अशा वेळी आपण घराची वाट धरावी. पक्ष्यांना मात्र धरावयास घर नसते.

आता समुद्राकडे पाहू. प्रथम काहीच दिसत नाही. केवळ लाटा, फेस आणि करडे क्षितिज. नवखा मनुष्य पाच मिनिटांत कंटाळतो. परंतु दृष्टी एका ठिकाणी स्थिर करून, मग ती क्षितिजरेषेच्या थोडी खालून सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत राहिले, तर एखादा काळसर ठिपका लाटेच्या माथ्यावर क्षणभर दिसतो व पुन्हा लाटेच्या खोलीत नाहीसा होतो. थोड्या वेळाने तो पुढच्या लाटेवर वर येतो. त्याचे पंख लांब, अरुंद आणि ताठ असतात. तो ते जवळजवळ हलवीतच नाही. कधी डावे, तर कधी उजवे पंखाचे टोक पाण्याला लागते की काय असे वाटते. हा शिअरवॉटर, म्हणजे पाणी कापीत जाणारा पक्षी. त्याच्या एका जातीची घरटी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील बेटांवर असतात आणि तेथून तो आपल्या समुद्रापर्यंत येतो.

पंख न हलविता, तेही समोरून झंझावात येत असता, हा पक्षी पुढे कसा जातो? हे समजण्यासाठी पतंग आठवावा. पतंग जमिनीजवळ असतो तेव्हा त्याला वारा पुरेसा मिळत नाही. तो गिरक्या घेतो व खाली येतो. तोच वर चढला की दोरा ताठ होतो आणि बोट कापू लागतो. ह्याचे कारण असे की, झाडे, घरे आणि माती ह्यांना घासल्यामुळे जमिनीलगतचा वारा मंदावतो. वरचा वारा मोकळा वाहतो. समुद्रावरही तसेच घडते. लाटांलगत वारा मंद असतो व पाच-दहा मीटर वर तोच जोरदार असतो. शिअरवॉटर वाऱ्याकडे तोंड करून वर चढतो. चढताना त्याचा वेग कमी व्हावयास हवा. परंतु प्रत्येक पायरीला त्याला अधिक जोराचा वारा समोरून मिळत जातो व त्यामुळे त्याच्या पंखांना आधार सापडतो. वर पोहोचताच तो वळतो, वाऱ्याबरोबर खाली झेपावतो आणि मिळालेल्या वेगाने लाटेच्या आडोशाने दूरवर घसरत जातो. मग पुन्हा वळण, पुन्हा चढण. इंग्रज पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले ह्यांनी १८८३ साली ह्या उड्डाणाचे मर्म उलगडून दाखविले. विचार केला म्हणजे लक्षात येते, की वारा पडला तर ह्या पक्ष्याला पंख मारण्याचे कष्ट करावे लागतात. आपण ज्याला संकट समजतो, तेच त्याचे वाहन आहे.

ह्याच्याहून नवलाचा जीव म्हणजे वादळपाखरू. विल्सनचे वादळपाखरू ह्या नावाने ओळखला जाणारा हा पक्षी बुलबुलाएवढा लहान, काळसर व शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेला आहे. त्याचे वजन अवघे चाळीस ग्रॅमच्या आसपास असते. अंटार्क्टिका खंडाच्या किनाऱ्यावर आणि तेथील थंड बेटांवर, खडकांच्या फटींत तो अंडे घालतो. आपला जून महिना म्हणजे तिकडचा हिवाळा. त्या सुमारास हे पाखरू उत्तरेकडे निघते आणि विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रात येते. पाण्यावर अगदी खाली तरंगत, लांब पाय खाली सोडून ते लाटांवर टपटप पावले टाकते, तेव्हा ते पाण्यावरून चालते आहे असेच वाटते. अशा रीतीने ते पाण्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म जीव टिपते. किनाऱ्यावरून ते क्वचितच दिसते. म्हणून ज्याला दिसले त्याने त्या दिवसाची तारीख अवश्य लिहून ठेवावी.

कधी कधी ढगांच्या खाली फार उंचावर एक मोठा काळा पक्षी दिसतो. त्याचे पंख कोनाकार मुडपलेले व शेपटी कात्रीसारखी दुभागलेली असते. हा फ्रिगेट पक्षी. तो समुद्रावर राहतो, पण समुद्राच्या पाण्यात उतरू शकत नाही. कारण त्याची पिसे पाण्याने भिजतात आणि भिजलेल्या पिसांनी पुन्हा उडणे त्याला कठीण जाते. म्हणून पाण्यावर उडी घेणाऱ्या माशांना तो वरच्या वर पकडतो किंवा दुसऱ्या पक्ष्यांना छळून त्यांचे भक्ष्य हिसकावून घेतो. हिंदी महासागरात, आफ्रिकेजवळील युरोपा नावाच्या बेटावरील मोठ्या फ्रिगेट पक्ष्यांच्या अंगावर शास्त्रज्ञांनी छोटी यंत्रे बसविली. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून असे दिसून आले, की हे पक्षी सुमारे दोन महिनेपर्यंत जमिनीला वा पाण्याला न टेकता हवेत राहू शकतात. ढगांखालून वर चढणाऱ्या हवेवर ते तरंगत राहतात आणि केव्हा केव्हा चार हजार मीटर उंचीपर्यंत पोहोचतात.

मुलांनो, पक्षी दिसला म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेथूनच सुरू होते. वहीत प्रथम तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावी. मग पक्ष्याचा आकार कावळ्याहून मोठा की लहान, वरचा रंग कोणता, पोटाकडचा कोणता, पंख रुंद की अरुंद, तो पंख मारतो की तरंगतो, उत्तरेकडे गेला की दक्षिणेकडे, हे टिपावे. हे सर्व लिहून झाल्यावरच पुस्तक उघडावे. पुस्तक आधी उघडले तर मन चोरपावलांनी डोळ्यांना शिकवू लागते आणि न दिसलेले चिन्हही आपल्याला दिसल्यासारखे वाटते. ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी’ असे स्वच्छ लिहावे. त्यात कमीपणा नाही. दहा खऱ्या नोंदींत एक खोटी नोंद मिसळली, तर वाचणारा त्या दहांवरही विश्वास ठेवीत नाही.

अशा प्रामाणिक नोंदींचे मोल काय असते, हे वेंगुर्ल्याच्या खडकांच्या हकिगतीवरून कळून येईल. वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात लहान लहान खडकाळ बेटांचा एक समूह आहे. १८७५ साली अॅलन ह्यूम तेथे गेले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. ते मोठे पक्षितज्ज्ञही होते. त्यांना बेटावर सुरय नावाच्या समुद्रपक्ष्यांची वाळून गेलेली पिले आणि अंडी पडलेली आढळली. पक्षी निघून गेले होते, पण त्यांच्या वसतीचा पुरावा मागे राहिला होता. ह्यूम ह्यांनी जे पाहिले ते लिहून ठेवले. अनेक वर्षांनंतर मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली ह्यांनी ह्या बेटांचा अभ्यास केला आणि तेथील सुरयांविषयीचा त्यांचा लेख १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही संस्था मुंबईत १८८३ साली स्थापन झाली आहे. दोन माणसे, दोन काळ आणि मध्ये सदुसष्ट वर्षांचे अंतर. पण पहिल्याची नोंद दुसऱ्याच्या उपयोगी पडली. ह्यूम ह्यांनी ऐकीव गोष्टींची भर घालून ती सजविली असती, तर तिचा उपयोग कोणाला झाला असता?

वारा पक्ष्यांचे वाहन आहे हे खरे. तथापि तोच त्यांची परीक्षाही घेतो. वादळ अनेक दिवस चालले, तर त्यांना भक्ष्य सापडत नाही. त्यातही त्या वर्षीची अननुभवी पिले लवकर थकतात. थकलेला पक्षी वाऱ्याला तोंड देऊ शकत नाही व वारा नेईल तिकडे जातो. त्यामुळेच पावसाळ्यात कधी पुळणीवर, तर कधी एखाद्या घराच्या अंगणात बूबी नावाचा मोठा पक्षी बसलेला आढळतो. पंख पसरले तर ह्या पक्ष्याची रुंदी दीड मीटरहून अधिक भरते. उंचावरून तो भाल्यासारखा पाण्यात सूर मारतो. परंतु जमिनीवर तो अगदी असहाय होतो आणि माणूस जवळ गेला तरी पळत नाही. माणसे नसलेल्या बेटांवर वाढलेल्या ह्या पक्ष्याला माणसाचे भय ठाऊक नसते. खलाशांनी त्याच्या ह्या निर्भयतेला मूर्खपणा समजून, स्पॅनिश भाषेतील मूर्ख ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले. ज्याने कधी दगा अनुभवला नाही, त्याच्या विश्वासाला मूर्खपणा म्हणावे काय, ह्याचा विचार तुम्हीच करावा.

असा पक्षी आढळला तर काय करावे? पुष्कळ लोक दयेपोटी त्याला उचलून पुन्हा समुद्रात सोडतात. हेतू चांगला, पण परिणाम वाईट. कारण जो थकून किनाऱ्याला लागला, तो त्याच लाटांत पुन्हा कसा टिकणार? त्याच्या तोंडात बळेच पाणी ओतू नये आणि मासाही कोंबू नये. कुत्र्यांना व कावळ्यांना दूर ठेवावे, गर्दी होऊ देऊ नये आणि वडील माणसाला बोलवावे. त्या मोठ्या माणसाने पक्ष्यावर सुती कापड टाकून त्याला हलक्या हाताने उचलावे, भोके पाडलेल्या खोक्यात अंधाऱ्या व शांत जागी ठेवावे आणि वनखात्याला ताबडतोब कळवावे. बूबीची चोच टोकदार असते, म्हणून तोंड जवळ नेऊ नये. परंतु ती चोच दोऱ्याने बांधूनही टाकू नये. इतर पक्ष्यांप्रमाणे बूबीच्या चोचीवर उघड्या नाकपुड्या नसतात. पाण्यात सूर मारताना नाकात पाणी जाऊ नये, अशी ती रचना आहे. तो तोंडावाटे श्वास घेतो. ज्याला हे ठाऊक नाही तो, मदत करण्याच्या हेतूने चोच बांधतो आणि पक्षी गुदमरून मरतो. दयेला ज्ञानाची जोड नसली तर असा अनर्थ होतो. पक्षी घरी पाळण्याचा मोहही धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांना संरक्षण दिले आहे.

समुद्रापासून दूर राहणाऱ्या मुलांनी हे सर्व वाचून हळहळण्याचे कारण नाही. जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे, आणि गोदावरीवर पैठणजवळ नाथसागर आहे. मोठ्या नद्यांवर आणि अशा जलाशयांवर नदी सुरय दिसतो. तो समुद्रावरील सुरयाचाच भाऊबंद. काळी टोपी, पिवळी चोच, राखी पाठ आणि दुभागलेली शेपटी ही त्याची चिन्हे होत. वारा असेल त्या दिवशी त्याच्याकडे नीट पाहावे. वाऱ्याकडे तोंड करून तो पाण्यावर एका जागी अधांतरी थांबतो, मान वाकवून खाली पाहतो आणि एकाएकी पाण्यात झेप घेतो. तो वाऱ्याकडे पाठ करून का थांबत नाही, ह्याचे उत्तर पतंग उडविणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी देऊ शकेल.

तेव्हा येत्या पावसाळ्यात पहिला वारा सुटेल तेव्हा एक वही शिवून तयार ठेवा. पहिल्या पानावर वाऱ्याची दिशा लिहा, श्रेणी लिहा आणि आभाळात जे दिसेल ते लिहा. काही दिसले नाही, तर ‘आज पक्षी दिसला नाही’ असे लिहा. तीही एक नोंदच आहे.

अभ्यास

१. बोरी गाव समुद्रापासून दूर असूनही तेथे ‘समुद्राचा दूत’ येतो, असे लेखक का म्हणतो?

२. ऐन पावसाळ्यात किनाऱ्यावर कुरव सहसा का दिसत नाही?

३. शिअरवॉटर पंख न हलविता वाऱ्यात कसा उडतो, ते पतंगाच्या दाखल्याने स्पष्ट करा.

४. ‘ओळख पटली नाही, तर अनोळखी असे लिहावे.’ ह्या सूचनेमागील कारण तुमच्या शब्दांत लिहा.

५. ‘दयेला ज्ञानाची जोड हवी.’ हे विधान बूबी पक्ष्याच्या उदाहरणाने पटवून द्या.

६. पुढील शब्द वाक्यांत योजा : कटाक्षाने, असहाय, अधांतरी, भाऊबंद.

७. उपक्रम : आठ दिवस रोज एकाच वेळी वाऱ्याची दिशा व श्रेणी वहीत नोंदवा. त्या वेळी दिसलेल्या पक्ष्यांची नावे व वर्णने त्याच पानावर लिहा, आणि आठव्या दिवशी ती वर्गात वाचून दाखवा.